बांधाच्या आतलं खारं पाणी: कोकणातल्या खाडीकाठच्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
वैतरणेपासून तेरेखोलपर्यंतच्या खाडीकाठच्या सर्व ग्रामसभांचे सभासद

सप्रेम नमस्कार.

दादांनो, ताईंनो, काका-काकूंनो, हे पत्र मंत्रालयाला किंवा कलेक्टर कचेरीला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. ज्या जागेबद्दल बोलायचं आहे, तिचं काय करायचं हे आज सगळ्यात आधी तुमच्यासमोर येतं. बांधाच्या आत, भातखाचरांच्या खालच्या अंगाला एक खोलगट तुकडा असतो. काही महिने पाण्याखाली, काही महिने पांढरा पडलेला, कडेनं तिवरं (कांदळवनातली झाडं) आणि मोरस (खाऱ्या जागेतली रानभाजी) वाढलेला. सातबाऱ्यावर तो पोटखराब म्हणून लागतो, नाहीतर पडीक. भराव टाकणाऱ्यांची पहिली नजर त्याच्यावर जाते. गोदाम, प्लॉटिंग, रस्त्याच्या कामाची माती टाकायची जागा, काहीही असो, ना-हरकतीचा विषय ग्रामसभेत येतो आणि कुणीतरी विचारतं, "तिथं पिकतं काय?" मग हात वर होतात आणि पुढचा विषय सुरू होतो.

आमच्या गावात हेच झालं. खालच्या अंगाचा एक तुकडा लाल मातीनं भरला गेला. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात, ज्या आळीत कधी पाणी येत नसे तिथं उंबऱ्याला पाणी लागलं. भराव कुणी टाकला, ठरावावर सह्या कुणी केल्या, हे उगाळायला मी बसलेलो नाही. तुमच्या गावात हे व्हायचं असेल तर त्याआधी हे वाचलं जावं, एवढीच इच्छा आहे.

विनंती सुरुवातीलाच सांगतो. असा तुकडा भरण्याला मंजुरी देऊ नका, आणि तो राखण्याचा ठराव करा. का, हे समजून घ्यायचं तर आधी ही जागा होते कशी ते पाहावं लागेल.

जमिनीत आत, समुद्राचं पाणी थेट पोहोचत नाही अशा ठिकाणी खारी पाणथळ तयार व्हायला दोन गोष्टी लागतात. मीठ कुठून तरी यायला हवं, आणि ते धुऊन जाण्यापेक्षा जास्त साठायला हवं. आपल्याच राज्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. तरी पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी, कारण ते विवर चारही बाजूंनी बंद आहे. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी आत उतरतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हानं वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, बेसाल्ट खडकातून विरघळून आलेले क्षार मागंच राहतात, वर्षानुवर्षं. राजस्थानातलं सांभर सरोवर याच तऱ्हेनं खारं झालं. युरोपात आणखी वेगळा प्रकार आहे. जर्मनी आणि पोलंडमध्ये सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राच्या मिठाचे थर जमिनीखाली आहेत. भूजल त्यातून फिरून वर येतं आणि कुरणात मध्येच खारट दलदल तयार होते. तिथं मोरसच्याच वंशातली झाडं उगवतात, खाडीचा मागमूसही नसताना. हे तुकडे इतके विरळ राहिले की युरोपीय संघानं १९९२ च्या अधिवास निर्देशात त्यांना अग्रक्रमानं राखायच्या जागांमध्ये घातलं. सांभर १९९० साली आणि लोणार २०२० साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेलं.

आपल्याकडची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते जास्त लोभस.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, अंबा, कुंडलिका या नद्या तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या बऱ्याच पुढं जाऊन समुद्राला मिळत. बर्फ वितळलं, समुद्र चढला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आला. त्या चढत्या पाण्यात नद्यांच्या खोऱ्यांची खालची टोकं बुडाली. बाणकोटची, दाभोळची, जयगडची खाडी म्हणतो ती ही बुडालेली खोरी आहेत. मग त्यांत गाळ बसायला लागला. सह्याद्रीवरून उतरणारं गढूळ पाणी गोडं असतं तोवर त्यातले चिकणमातीचे कण एकमेकांपासून लांब राहतात आणि तरंगत जातात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की ते कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून खाडीत गोडं-खारं एक होतं तिथंच सगळ्यात जास्त चिखल असतो. ह्या चिखलाच्या प्रत्येक थरात त्या त्या काळचं समुद्राचं पाणी अडकलेलं आहे. आपल्या खारपाटाच्या पोटातलं मीठ असं जमा झालं.

त्या चिखलावर तिवरं आली, त्यांच्या मुळांनी आणखी गाळ धरला, जमीन उंचावत गेली, आणि मग आपले पूर्वज आले. त्यांनी मातीचे बांध घातले, ओढ्याच्या तोंडाशी उघाड्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणारी झडपेची दारं, बसवल्या, आणि आतली जमीन चार-पाच पावसाळे धुऊन भाताखाली आणली. पेण, अलिबाग, उरणचा खारेपाट, रत्नागिरीतली आणि सिंधुदुर्गातली खाजणं, सगळीकडे गोष्ट एकच. या जमिनीची किंमत काय होती ते अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या संपानं दाखवलं. १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, शेतकऱ्यांनी खोतांच्या विरोधात जमिनी कसल्या नाहीत. पोटाला चिमटा काढून सहा वर्षं.

पण बांध घातल्यावर दोन गोष्टी सुरू झाल्या, ज्या एका पिढीला दिसत नाहीत. बांधाच्या बाहेर प्रत्येक भरती गाळ टाकत राहिली आणि खाडीचा काठ उंच होत गेला. आत गाळ येणं थांबलं. शिवाय चिखल वाळला की आक्रसतो, त्यातला मुळापानांचा अंश कुजून जातो, आणि जमीन खचते. त्यामुळे आज बऱ्याच ठिकाणी आतली जमीन बाहेरच्या उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहे. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बांधाखालून झिरपलेलं पाणी जमतं, चिंबोऱ्यांच्या बिळांतून शिरलेलं जमतं, कधी खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर थेट खाडीच आत येते. आणि पोटातलं जुनं मीठ आहेच.

उन्हाळ्यात हे मीठ वर कसं येतं ते बघण्यासारखं असतं. भूजल जेमतेम हात-दीड हातावर, तेही खारट. समईच्या वातीतून तेल चढावं तसं ते मातीच्या बारीक रंध्रांतून वर चढतं. पृष्ठभागाशी आलं की ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ ठेवून जातं. फाल्गुनात आधी भेगांच्या कडा पांढऱ्या होतात. चैत्रात ढेकळांच्या माथ्यावर लोणा फुटतो. वैशाखात सगळ्या तुकड्यावर पापडी धरते आणि पाय टाकला की ती कुरकुरत फुटते. तिच्याखाली बोटभर माती कोरडी, आणि त्याखाली पुन्हा काळा, ओला, गंधकाचा वास येणारा चिखल.

मग मृगाचा पाऊस येतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो हे मीठ विरघळवून उघाडीतून बाहेर काढतो. श्रावण-भाद्रपदात त्याच जागेतलं पाणी जवळपास गोडं असतं, बेडकं त्यात अंडी घालतात. मार्गशीर्षात ते मचूळ होतं आणि वैशाखात जे काही उरतं ते समुद्रापेक्षा खारं. लोणारचं पाणी बारा महिने खारं, सांभरचं मीठ जागच्या जागी. आपल्या बांधाआतल्या तुकड्यात एकाच वर्षात तळं, खाडी आणि मिठागर अशी तिन्ही रूपं येऊन जातात. इतका बदल सोसणारे जीव थोडे असतात.

आता मुद्दा येतो तो पाण्याचा. मला यावर थोडं जास्त बोलायचं आहे, कारण ग्रामसभेत हाच मुद्दा कुणी मांडत नाही.

उघाडी कशी चालते हे तुम्हाला माहीत आहे, पण एकदा जुलैच्या पावसात, भरतीच्या वेळी, तिच्यापाशी उभे राहा. बाहेरचं पाणी चढतं, झडपेवर दाब येतो आणि ती बसते. त्या क्षणापासून गावावर पडणारा, डोंगरातून येणारा, पऱ्ह्यातून वाहणारा सगळा पाऊस आतच अडकला. बाहेर ओहोटी लागून पाणी आतल्यापेक्षा खाली जाईपर्यंत झडप हलत नाही. दोन भरत्यांमधलं अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचं, त्यातले कितीतरी तास दार बंद. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणखी जास्त वेळ, आणि नदीलाच पूर असेल तर विचारायलाच नको. या तासांत आतल्या पाण्यानं थांबायचं कुठं? उत्तर एकच आहे: सगळ्यात खालच्या तुकड्यात.

हिशोब करून बघा. एक हेक्टर जागेवर एक मीटर पाणी उभं राहिलं तर ते १० हजार घनमीटर होतं, म्हणजे एक कोटी लिटर. पाच हेक्टरचा खोलगट भाग असला तर पाच कोटी लिटर. दिवसात २०० मिलिमीटर पाऊस जुलैत आपल्याकडे नवलाचा नाही, आणि तेवढा पाऊस २५ हेक्टरवर पडला की बरोबर पाच कोटी लिटर पाणी होतं. ती पाच हेक्टर जागा भरली तर हे पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारच्या खाचरात चढतं, तिथून आळीत, तिथून घरात. भराव टाकणारा आपली जागा उंच करून घेतो आणि त्याच्या वाट्याचं पाणी गावाला देतो. बाजारात या तुकड्याचा गुंठ्याला काय दर मिळतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. एक कोटी लिटर पाणी थांबवायची जागा पुन्हा बांधायची म्हटली, पंप बसवायचे म्हटले, तर किती खर्च येईल हे कुणी विचारत नाही.

२२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण बुडाले. त्यामागं अनेक कारणं होती, सगळा दोष भरावांवर टाकणं खरं होणार नाही. पण वरून लोंढा आणि खालून भरती अशी गाठ पडते तेव्हा पाण्याला पसरायला सखल जागा किती उरली आहे, हा प्रश्न प्रत्येक खाडीकाठच्या गावानं स्वतःला विचारायला हवा. समुद्रही वाट पाहत थांबलेला नाही. २००६ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरनं वाढली. एका वर्षाचा आकडा छोटा वाटतो, पण आतली जमीन खचते आहे आणि बाहेरचं पाणी चढतं आहे, या दोन्हींची बेरीज आपल्या बांधावर पडते. पुढं तिवरांना मागं सरकायची वेळ आली तर ती सरकणार तरी कुठं? याच तुकड्यांकडे.

पाण्याखालोखाल मासळी. जिताडा अंडी घालतो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, पण त्याची पिल्लं वाढायला उथळ, मचूळ, दलदलीच्या जागा शोधतात. कोळंबी समुद्रात जन्मते आणि तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत आत येतात. बोयही तसाच. अलिबागच्या खारेपाटातले जिताड्याचे तलाव प्रसिद्ध आहेत, पण त्या तलावांत सोडायचं बीज खाडीतूनच येत आलं आहे. पिल्लांना वाढायच्या जागाच बुजल्या तर बीज कुठून मिळणार? पाग टाकणारे, फग लावून चिंबोऱ्या पकडणारे, चिखलात हात घालून निवट्या काढणारे, या सगळ्यांचं पोट त्या उथळ पाण्यावर आहे. यातल्या अनेकांच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. ते ग्रामसभेला येतात तेव्हा मागं बसतात, आणि ना-हरकतीच्या वेळी त्यांना कुणी विचारत नाही. तो तुकडा कागदावर ज्याच्या नावे आहे त्याला तो नापीक वाटतो, आणि मागं बसलेल्यांची चूल त्याच्यावर पेटते.

मोरसचं उदाहरण घ्या. बारीक, गुबगुबीत, दंडगोल पानं. ही वनस्पती मिठाशी भांडत नाही, ते पानातच साठवते आणि सोबत पाणीही धरून ठेवते. तिवराची रीत उलटी, ते जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी तिवराच्या पानावर बोट फिरवा, बारीक खडे हाताला लागतात. मोरसची कोवळी शेंडं खुडून आणतात, उकळून पहिलं पाणी फेकतात आणि सुकट घालून भाजी करतात. वरून मीठ घालायचं नसतं. ही भाजी कुणी पेरत नाही, तिला खत लागत नाही, आणि ती विकून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आजही बाजारात बसतात. तुकडा भरला की ती संपली.

पक्ष्यांबद्दल बोललं की काही जण म्हणतात, पक्ष्यांसाठी माणसानं उपाशी राहायचं का? म्हणून थोडक्यातच सांगतो. शेकाटे, तुतवार, चिखले, टिलवे यांच्यातले बरेच पक्षी हजारो किलोमीटरवरून, मध्य आशिया आणि सायबेरियातून येतात. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरती आली की तो चिखल बुडतो, आणि तेव्हा त्यांना टेकायला बांधाच्या आतली उथळ पाणथळ किंवा मिठागर लागतं. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, रोहित पाहायला गर्दी होते, फोटो छापून येतात. पण खाडी राखली आणि आतली टेकायची जागा भरली, तर पक्ष्यानं भरतीचे तास उडत काढायचे का?

आणखी एक गोष्ट, शाळेतल्या मुलांनाही सांगता येईल अशी. या काळ्या चिखलात हवा जवळजवळ पोहोचत नाही, त्यामुळे मुळं-पानं फार हळू कुजतात आणि त्यातला कार्बन जमिनीतच राहतो. गोड्या पाण्याच्या दलदलीतून मिथेन बराच सुटतो. खाऱ्या चिखलात सल्फेट भरपूर असल्यानं मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना वाव कमी मिळतो. म्हणजे मिठामुळेच ही जागा हवेसाठी जास्त कामाची ठरते.

एवढं सगळं आहे तर कायदा ह्या जागा राखत का नाही? इथं खरी अडचण आहे, आणि हे पत्र तुम्हाला लिहिण्याचं कारणही हेच.

पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येत गोडं, मचूळ, खारं, नैसर्गिक, कृत्रिम, कायम, हंगामी असं सगळं येतं. पण भातशेती वगळली आहे, मीठ पिकवण्यासाठी आणि मत्स्यशेतीसाठी मुद्दाम केलेली बांधकामंही वगळली आहेत. आपला तुकडा भातखाचरांच्या मधोमध, म्हणून तो सहज भातशेतीत ढकलला जातो. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचं, म्हणाल तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा तिथंच थांबते. बांधाच्या आत खारं पाणी शिरून कांदळवन वाढलं असेल तर ते मात्र सीआरझेड-१ मध्ये येतं आणि त्याला कडक संरक्षण मिळतं. पण नुसता लोणा, मोरस आणि उथळ पाणी असलेली जागा? तिला तो आधार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिलं, पण ती यादी उपग्रहाच्या नकाशावरून सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांची. आपले तुकडे पुष्कळदा त्याहून लहान. शेतीच्या दृष्टीनं पोटखराब, पाणथळीच्या नियमांत भातशेती, किनाऱ्याच्या नियमांत बांधाच्या आत. सगळ्या दारांतून तो बाहेर राहतो.

म्हणून ग्रामसभा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, लोकजैवविविधता नोंदवही हवी. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही कपाटात आहे. ती काढा. तुकड्याचा गट क्रमांक, कोणत्या महिन्यात किती पाणी, कोणती मासळी, कोण कोण तिथून काय आणतं, कोणते पक्षी, मोरस कुठं, हे त्यात लिहा. लिहिताना फग लावणाऱ्यांना आणि भाजी खुडणाऱ्या बायकांना जवळ बसवा, त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नसते. त्याच कायद्यात जैवविविधता वारसा स्थळाची तरतूद आहे, आणि ती नुसती कागदावरची नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथं मायरिस्टिका या जायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल २०२१ मध्ये वारसा स्थळ झाली. ती जागा अडीच हेक्टरच्या आसपासच आहे. छोटी म्हणून कुणी नाकारली नाही. गोड्या दलदलीला जे मिळालं ते खाऱ्या दलदलीला का मिळू नये?

पाणथळ म्हणून अधिसूचना व्हावी यासाठीही प्रस्ताव पाठवता येतो. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी: हा भाग भातशेती नाही, इथं भात होत नाही, ही नैसर्गिक खारी दलदल आहे. "तिथं पिकतं काय?" या प्रश्नाचं उत्तर इथं आपल्या बाजूनं उभं राहतं.

काही शंका मला आधीच ऐकू येतात. पहिली, जमीन सरकारजमा होईल का? नाही. पाणथळ म्हणून अधिसूचना झाल्यानं मालकी बदलत नाही. भराव, कायमचं बांधकाम, कारखाना, कचरा, सांडपाणी यांना मनाई येते, हे खरं आहे आणि ते लपवून ठराव घेऊ नये. ज्याची जमीन आहे त्याच्याशी समोरासमोर बोला. ती विकून मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण करायचं ठरवलेल्या माणसाला नुसतं पर्यावरण सांगून भागणार नाही. त्याच्या तुकड्यानं सगळ्या गावाचं पाणी धरलं आहे, तर त्याचा काही मोबदला, निदान पंचायतीचा कर माफ, मासेमारीच्या लिलावातला वाटा, यावर गावानं विचार करायला हवा असं माझं मत आहे.

दुसरी शंका त्यांची, ज्यांची चांगली भातजमीन खांड पडून खारी झाली. त्यांचं दुःख मी जवळून पाहिलं आहे. बांध दुरुस्त होत नाही, दोन-तीन वर्षं उधाण आत येतं, तिवरं उगवतात, आणि मग त्याच शेतकऱ्याला सांगितलं जातं की आता इथं काही करता येणार नाही. हा अन्याय आहे. म्हणून मी सगळी खारी जमीन पाणथळ करा असं म्हणत नाही. बांध वेळेवर दुरुस्त व्हावेत, उघाड्यांच्या झडपा बदलाव्यात, राता हे जुनं भात आणि पनवेलच्या संशोधन केंद्रानं काढलेले खार सोसणारे वाण पिकत राहावेत. माझं म्हणणं फक्त त्या सगळ्यात खालच्या, पिढ्यान्‌पिढ्या खारट राहिलेल्या भागापुरतं आहे, ज्याच्यामुळे वरची खाचरं बुडायची वाचतात. खालचा भाग भरला तर पहिलं नुकसान वरच्या भाताचंच होतं.

पालघरमधल्या पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या, गावांना याहून जास्त अधिकार आहेत, ते त्यांनी वापरावेत.

ठराव कसा लिहायचा याची अडचण होऊ नये म्हणून मसुदा खाली देतो. गावाच्या गरजेप्रमाणे बदला, वकिलाला दाखवा, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जी ग्रामसभा आधी येईल तिच्या विषयपत्रिकेवर आठवडाभर आधी चढवा. आयत्या वेळच्या विषयात टाकू नका, तिथं तो राहून जातो.

"आपल्या गावाच्या हद्दीतील गट क्रमांक ____ मधील बांधालगतचा सखल, खारट भाग हा भातशेती नसून नैसर्गिक खारी पाणथळ आहे, पावसाळ्यात उघाडी बंद असताना गावाचे पाणी याच भागात थांबते, आणि येथील मासळी, चिंबोऱ्या व मोरस यांवर गावातील कुटुंबांचा उदरनिर्वाह चालतो, अशी नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत घेण्यात यावी. या भागात भराव टाकणे, बांधकाम करणे व कचरा टाकणे यांस ग्रामसभेची हरकत आहे. पारंपरिक मासेमारी, चराई व भाजी गोळा करणे पूर्वीप्रमाणे सुरू राहील. हा भाग पाणथळ म्हणून अधिसूचित करण्याचा, तसेच जैवविविधता वारसा स्थळ म्हणून विचारात घेण्याचा प्रस्ताव जैवविविधता व्यवस्थापन समितीने तीन महिन्यांत सादर करावा. उघाडी व बांध यांच्या दुरुस्तीची मागणी संबंधित विभागाकडे स्वतंत्रपणे करण्यात यावी."

ठराव झाला की त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आवक क्रमांक घेऊनच द्या, आणि एक प्रत शेजारच्या गावालाही पाठवा. खाडी एकच आहे, तिकडं भरलं तर पाणी इकडं येतं.

आपला,
खारेपाटातला एक ग्रामस्थ